थंड पाणी, लहान होडी : प्रस्तावना

थंड पाण्यात पडलेला माणूस सहसा गारठून मरत नाही. गारठायला वेळ लागतो. तेवढा वेळ मिळण्याआधीच तो बुडतो. लहान होडीच्या सुरक्षिततेचा सारा विचार या एका गोष्टीभोवती फिरतो. तरीही ती शास्त्राला नीट कळायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा अटलांटिकचे पाणी शून्याच्याही खाली, उणे २ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. मृतांपैकी अनेकांच्या अंगावर तरंगण्याची जाकिटे होती, तरी मृत्यूचे कारण म्हणून बहुतेक ठिकाणी ‘बुडून’ एवढेच लिहिले गेले. थंडीचा हिशेब कोणी मांडला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश नौदलाने नेमलेल्या टॅलबट समितीने १९४६ मध्ये या प्रश्नात लक्ष घातले, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. पुष्कळसे खलाशी जहाज बुडताना दगावले नव्हते. जहाजातून सुखरूप बाहेर पडल्यावर, पाण्यात किंवा तराफ्यावर मदतीची वाट पाहत असताना ते गेले होते.

पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते. उघड्या अंगाने, हालचाल न करता पाण्यात पडून राहायचे आणि शरीराचे तापमान टिकवायचे, तर पाणी ३३ ते ३५ अंशांचे लागते. त्याहून कमी तापमानाचे कोणतेही पाणी शरीराला थंडच. फरक पडतो तो वेगाचा. म्हणून ‘आपल्याकडे कुठे थंड पाणी असते?’ हा कोकण किनाऱ्यावर नेहमी ऐकू येणारा प्रश्न निम्माच बरोबर आहे. मुंबईजवळचा समुद्र हिवाळ्यात २४-२५ अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात ३० अंशांच्या घरात जातो. त्यात उडी मारल्यावर दातखीळ बसत नाही, पण तासामागून तास उष्णता जातच राहते. नाविकांच्या प्रचलित तक्त्यांनुसार २१ ते २७ अंशांच्या पाण्यात माणूस २ ते १२ तासांत थकून हालचाल करू शकेनासा होतो. रात्री उलटलेली होडी सकाळपर्यंत कोणाच्या नजरेस पडली नाही, तर हे तास सहज भरतात.

खऱ्या थंड पाण्यात, म्हणजे १५ अंशांच्या खाली, शरीरावरचे आघात ठरावीक क्रमाने येतात. पहिला आघात त्वचेवर होतो. पाण्याचा स्पर्श होताच छाती आपोआप एक मोठा हबका घेते आणि पुढची दोन-तीन मिनिटे श्वास आवरत नाही. एरवी मिनिटभर श्वास रोखू शकणाऱ्या माणसाला अशा वेळी दहा सेकंदही जमत नाही. नाडी आणि रक्तदाब एकदम चढतात. हृदय आधीच कमजोर असेल तर तिथेच खेळ संपू शकतो. निरोगी तरुणालाही मोठा धोका या हबक्याचाच असतो. एका हबक्यात दोन-तीन लिटर हवा आत जाते. नेमके तेव्हा तोंड लाटेखाली असेल तर हवेऐवजी पाणी जाते, आणि खारे पाणी दीड लिटरच्या आसपास फुप्फुसात गेले तरी प्रौढ माणसाचा जीव जातो. हा आघात साधारण १० ते १५ अंशांच्या पाण्यात कळसाला पोहोचतो. पाणी त्याहून गार असले म्हणजे तो त्या प्रमाणात वाढतो असे नाही. बर्फाळ नसलेल्या पाण्यालाही बिचकून राहावे, ते याचसाठी.

श्वास ताब्यात आला की दुसरा आघात हातापायांवर येतो. स्नायू आणि नसा गार पडतात, बोटे मिटत नाहीत, दोरीची गाठ सुटत नाही, शिटी तोंडापर्यंत नेणेही अवघड होते. पट्टीचा पोहणारा पंधरा-वीस मिनिटांत पोहणे विसरल्यासारखा उभा तरंगू लागतो आणि मग बुडतो. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली जाणे, ज्याला वैद्यक ‘हायपोथर्मिया’ म्हणते, ही तिसरी पायरी. गोठणबिंदूजवळच्या पाण्यातही तिला साधारण अर्धा तास लागतो. चौथी पायरी अनेकांना चकवते: सुटका होत असताना किंवा झाल्याबरोबर माणूस कोसळतो. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी हा क्रम लक्षात ठेवण्यासाठी ‘१-१०-१’ असे सूत्र दिले: श्वास सावरायला १ मिनिट, हात चालतात अशी १० मिनिटे आणि शुद्ध हरपेपर्यंत १ तास. हे आकडे अतिथंड पाण्याचे आहेत. तरीही उष्ण किनाऱ्यावर त्यांचा उपयोग आहे, कारण पाणी जसे कोमट तसे मधले अंतर लांबते, क्रम मात्र बदलत नाही.

हा क्रम लक्षात ठेवून आता आपल्या खाडीकडे वळू. मुंबईच्या उत्तरेला मीरा-भाईंदरमधले काशीमीरा म्हटले की बहुतेकांना महामार्गाचा चौक, ट्रकांची रांग आणि घोडबंदरकडे वळणारा रस्ता आठवतो. होडी आठवत नाही. पण चौकातून उत्तरेला काही किलोमीटरवर वरसाव्याचा पूल आहे आणि पुलाखाली वसईची खाडी. उल्हास नदीचे पाणी घेऊन ती घोडबंदर, भाईंदर, पाणजू बेट असा प्रवास करत वसईच्या किल्ल्यापाशी समुद्राला मिळते. दक्षिणेच्या काठावर चौक, पाली, उत्तन ही कोळी गावे, उत्तरेला पाचूबंदर. पाणजूच्या रहिवाशांना तर वर्षानुवर्षे होडी हीच वाट. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर आणि वसईदरम्यान रो-रो बोटही सुरू झाली. म्हणजे मीरा-भाईंदर ही पाण्यावर जगणारी नगरी आहे, ती तसे मान्य करो वा न करो.

या खाडीचे धोके तिच्याच स्वभावातले आहेत. मुंबई किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही पुढे जातो. एवढे पाणी खाडीच्या चिंचोळ्या तोंडातून सहा तासांत आत यायचे आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जायचे असते. ओहोटीला पाण्यात पडलेला माणूस कितीही चांगला पोहत असला तरी त्याची दिशा प्रवाह ठरवतो, आणि प्रवाह समुद्राकडे जात असतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. तो आत येणारा वारा आणि बाहेर पडणारी ओहोटी समोरासमोर आली की खाडीच्या मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. लहान होडी भरते ती अशाच ठिकाणी. हिवाळ्यात पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून येतो. किनाऱ्यालगत पाणी शांत दिसते, आणि इंजिन बंद पडलेली होडी नकळत खोल समुद्राकडे सरकत राहते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री भिजलेल्या अंगावर हाच वारा लागला तर पाण्याबाहेरही अंग झपाट्याने गार पडते. उत्तनच्या नाखवाला हे वेगळे सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते हौसेने कयाक किंवा शिडाची होडी घेऊन रविवारी निघणाऱ्यांना.

किनाऱ्यावरच्या अलीकडच्या दोन दुर्घटना या विषयाच्या दोन बाजू दाखवतात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून दूर, तेलक्षेत्राजवळ ‘पी-३०५’ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाने आणि इतर जहाजांनी त्यांतल्या १८६ जणांना वाचवले. वाचलेल्यांपैकी अनेकांनी लाइफ जॅकेट घालून, एकमेकांना धरून, उसळत्या समुद्रात कित्येक तास काढले होते. पाणी मे महिन्याचे, म्हणजे वर्षातले सर्वांत उबदार होते. तेच पाणी १० अंशांचे असते तर इतका वेळ कोणी तगलेच नसते. दुसरी घटना १८ डिसेंबर २०२४ ची. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. मृतांची संख्या १५ झाली. बोटीवरच्या अनेक प्रवाशांच्या अंगावर धडकेच्या क्षणी लाइफ जॅकेट नव्हते. जॅकेट बोटीवर असणे आणि अंगावर असणे यांत किती अंतर आहे, हे त्या दुपारी कळले.

मराठी मुलखाचा खऱ्या थंड समुद्राशी संबंध मात्र वाटतो त्याहून जुना आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते जगातले पहिले. त्यांची ३२ फुटी सागवानी ‘सुहेली’ मुंबईत बांधलेली होती. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’वर एकटे निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले, एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. म्हादेई गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना जगाभोवती घेऊन गेलेली ‘तारिणी’ही तिथलीच. या सर्व सफरी केप हॉर्नकडे जाताना दक्षिण महासागरातून गेल्या. तिथे पाणी एक आकडी तापमानाचे असते आणि मदत हजारो मैलांवर.

याहून रोजच्या जगण्यातला संबंध परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात पाणी वर्षभर साधारण ११ ते १६ अंशांचे असते. शिकागोत मे महिन्यात अंगातला स्वेटर उतरतो, पण मिशिगन सरोवर तेव्हा १० अंशांच्या आसपासच असते. हवा उबदार आणि पाणी गार, हा सर्वांत फसवा मेळ. कपडे हवेकडे पाहून घातले जातात, प्रसंग मात्र पाण्याशी पडतो. थंड पाण्यावर जाणाऱ्यांचा पहिला नियम त्यातूनच आला आहे: पेहराव पाण्याच्या तापमानाचा हवा.

तो पेहराव म्हणजे साधारण १५ अंशांच्या पाण्यासाठी निओप्रीनचा वेटसूट आणि त्याहून गार पाण्यासाठी आत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे घालून वर कोरडा राहणारा ड्रायसूट. सुती कपडे भिजले की ऊब सोडतात. लोकर भिजूनही काही राखते. पण आहेत ते कपडे पाण्यात काढू नयेत. त्यांत अडकलेली हवा आणि अंगालगत स्थिरावलेले पाणी दोन्ही उपयोगी पडतात. मुंबईच्या किनाऱ्यावर ड्रायसूट घालणे हास्यास्पद ठरेल. हिवाळ्यातल्या रात्रीच्या फेरीला मात्र वारा अडवणारे एक जाकीट आणि बंद पिशवीत कोरडे कपडे न्यावेत.

लाइफ जॅकेटला मात्र कुठल्याच पाण्यात पर्याय नाही. श्वास आवरत नसतानाची ती दोन-तीन मिनिटे तोंड पाण्यावर धरून ठेवणे हे त्याचे खरे काम, आणि म्हणूनच ते पडण्याआधी अंगावर असावे लागते. पाण्यात पडल्यावर ते चढवणे जवळपास अशक्य असते. त्यातही दोन जाती आहेत. ५० न्यूटनचे तरंगसाहाय्यक जाकीट शुद्धीत असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसासाठी असते; कयाक आणि लहान शिडाच्या होड्यांवर हालचालीला मोकळीक मिळते म्हणून ते वापरतात. १५० न्यूटनचे जाकीट बेशुद्ध माणसालाही उताणे करू पाहते. खोल पाण्यावर आणि रात्री दुसरेच हवे. पायांमधून जाणारा पट्टा नसेल तर पाण्यात जाकीट वर सरकते आणि नाक-तोंड त्यात बुडते; बाजारात तो पट्टा बहुतेक वेळा दुर्लक्षित राहतो. होडीत भारंभार जाकिटे बसण्याच्या फळीखाली कोंबून ठेवण्याची रीत खाडीवर सर्रास दिसते. ती तपासणीपुरती असते, माणसांपुरती नसते.

होडीबद्दल दोन प्रश्न निघण्याआधीच विचारावेत. पाण्याने भरल्यावर ती तरंगेल का? आणि पडलेला माणूस तिच्यात परत कसा चढेल? जुन्या लाकडी होड्या भरल्या तरी बऱ्याचदा पृष्ठभागालगत राहत. आजच्या फायबरच्या होडीत बंद हवेचे कप्पे किंवा फोम नसेल तर इंजिनाच्या वजनाने ती सरळ तळ गाठते. चढण्याचा प्रश्न त्याहून दुर्लक्षित आहे. भिजलेल्या कपड्यांनिशी, सुन्न हातांनी, उंच काठावरून स्वतःला वर ओढणे धडधाकट माणसालाही जमत नाही. बाजूला बांधलेला आणि पाय अडकवता येईल असा दोरीचा फास काही रुपयांत हा प्रश्न सोडवतो. बाहेरच्या इंजिनाची होडी एकटा माणूस चालवत असेल तर इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा मांडीला बांधलेली हवी. नाहीतर पडलेल्या माणसाला मागे टाकून होडी निघून जाते, किंवा गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

उलटलेली होडी सोडू नये, हा नियम जगभर रक्ताने लिहिला गेला आहे. १९७९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंड-आयर्लंडदरम्यानच्या फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका वादळात सापडल्या. १५ स्पर्धक दगावले. खलाशांनी सोडून दिलेल्या २४ नौकांपैकी १९ नंतर तरंगताना सापडल्या. तराफ्यांत उतरलेल्यांपैकी काही मात्र परत आले नाहीत. भारतीय नाविक अभिलाष टॉमी यांचे उदाहरण याच्या नेमके उलट, ते नौकेतच राहिले. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत हिंदी महासागराच्या दक्षिण भागात त्यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली आणि पाठीला गंभीर दुखापत झाली. गोव्यात ‘सुहेली’च्याच आराखड्यावर बांधलेल्या त्या नौकेत ते हलता न येता पडून राहिले. उपग्रहामार्फत संदेश जात होते. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज त्यांच्यापर्यंत पोहोचले. समुद्रात लहानसे डोके दिसत नाही. पालथी होडी दिसते. वसईच्या खाडीत काठ दोनशे मीटरवर दिसतो तेव्हा हा नियम मोडण्याचा मोह सर्वाधिक होतो, आणि ओहोटी चालू असताना ते दोनशे मीटर फसवे असतात.

संपर्काची साधने वाढली आहेत, पण ती कोरडी आणि अंगावर असतील तरच कामाची. बंद पिशवीतला मोबाइल, हातातला व्हीएचएफ संच (संकटासाठी चॅनेल १६), शिटी, पाण्यात चालणारा दिवा हे किमान सामान. मासेमारी बोटींसाठी इस्रोच्या तंत्रावर आधारलेले संकटसूचक यंत्रही आहे. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. या सर्वांपेक्षा जुने आणि स्वस्त साधन म्हणजे काठावरचा माणूस: कुठे चाललो, कितीजण आहोत, किती वाजेपर्यंत परत येणार, हे ज्याला ठाऊक आहे आणि ती वेळ टळली की जो फोन उचलणार आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या काळात समुद्रावर दुसरी होडी क्वचितच असते, म्हणजे मदतीला येणारेही क्वचितच कोणी असते. हौशी लोकांनी हे स्वतःलाही लागू समजावे.

पाण्यात पडल्यावरचे पहिले काम म्हणजे काहीही न करणे. ब्रिटनच्या आरएनएलआय या जीवरक्षक संस्थेचा सल्ला असा, की पोहण्याची धडपड न करता उताणे तरंगावे, डोके मागे टाकावे आणि श्वास ताब्यात येईपर्यंत थांबावे. मग हात चालत आहेत तोवर जे करायचे ते करावे: होडी सरळ करणे, तिच्यावर चढणे, दिवा लावणे, पट्टे आवळणे. होडीचा जेवढा भाग पाण्याबाहेर असेल त्यावर जितके अंग घेता येईल तितके घ्यावे. वारा कितीही बोचरा वाटला तरी पाणी त्याहून अधिक ऊब नेते. तेही शक्य नसेल तर गुडघे छातीशी घेऊन, हात अंगालगत आवळून बसावे. काखा आणि जांघा झाकल्या जातात. अनेकजण असतील तर छातीला छाती लावून गट करावा आणि मुलांना मध्ये घ्यावे. दारू पिऊन निघालेल्याची त्वचा रक्ताने भरलेली असते, त्याची ऊब लवकर जाते आणि निर्णयही बिघडतात. या गोष्टी सरावाने येतात. पहिला आघातही सरावाने ओसरतो: थंड पाण्यात दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुड्या अंतराअंतराने घेतल्या तर तो जवळजवळ निम्म्यावर येतो, असे पोर्ट्समथचे माइक टिप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसले आहे.

सुटकेनंतरची घाईही जीव घेते. पाण्याचा दाब पायांतले रक्त वर ढकलत असतो. माणसाला उभा ओढून काढला की तो दाब एकदम जातो, रक्त खाली उतरते आणि हृदय थांबू शकते. शक्य तितके आडवेच उचलावे. ओले कपडे अलगद काढावेत किंवा कापावेत, कोरडे पांघरूण घालावे, डोके झाकावे. हातपाय चोळू नयेत, चालायला लावू नये. गोड, गरम चहा पूर्ण शुद्धीत असेल तरच द्यावा. श्वास बंद असेल तर पोट दाबून किंवा उलटे धरून पाणी काढण्यात एक क्षणही घालवू नये. आपल्याकडे ही चूक अजून होते. आधी पाच वेळा तोंडाने श्वास द्यावा, मग छाती दाबणे आणि श्वास देणे ३०ला २ या प्रमाणात चालू ठेवावे. गारठलेल्या माणसाची नाडी मंद आणि क्षीण असते. तो मेला असे काठावर ठरवू नये. थंडीने मेंदूची प्राणवायूची गरज घटलेली असते आणि बराच वेळ गेल्यावरही माणसे परतल्याची उदाहरणे आहेत.

उठून बोलू लागलेला माणूसही घरी पाठवू नये. नाकातोंडात पाणी गेलेल्याची फुप्फुसे काही तासांनंतर सुजू शकतात. म्हणून भाईंदर पश्चिमेचे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय असो वा जवळचे दुसरे कुठले, त्याला तिथे नेऊन डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते.